ऐंशी टक्के

सोहारच्या बंदरामागे, ॲल्युमिनियमच्या भट्ट्यांपलीकडे
एक बसकी इमारत. खिडक्या नाहीत.
तिथे सव्वीस वर्षं
काळ्या रबरी बाह्यांत हात घालून मी उभी राहिले.
काचेच्या पेटीत आर्गॉन,
बोटांपुढे रुपयाहून लहान डबी:
काळी चकती, पांढरा पापुद्रा, एक थेंब,
पुन्हा काळी चकती, स्प्रिंग, झाकण. टक.
पहिल्या वर्षी अशा नऊशे मिटवल्या.
आठशे सत्तर मेल्या.
वहीत मी ‘फेल’ लिहायचे,
मनात म्हणायचे, गेली बिचारी.

बाहेर जूनमध्ये एक्कावन्न अंश.
चाचणीची पेटी पंचेचाळीसवर ठेवायची
तर ती आम्हाला थंड करावी लागे.
जर्मनीहून आलेला एक पाहुणा यावर खूप हसला.
मग पार्किंगपर्यंत चालत गेला
आणि हसायचा थांबला.

शोधत काय होते? साधं आहे.
पहिल्याच चार्जिंगला ग्राफाइटवर साय धरते,
तापल्या दुधावर धरते तशी.
ती थोडं लिथियम खाते, ते परत मिळत नाही,
पण सायीशिवाय सेल आठवडाही काढत नाही.
उन्हाळा ती साय विरघळवतो.
पुन्हा धरते, पुन्हा खाते,
आतलं सगळं असं संपत जातं
आणि वरून डबी चकचकीत.

पन्नास अंशांत साय टिकावी,
एवढीच माझी नोकरी.
दोनशे बारा पुडी घालून पाहिल्या.
दोनशे तेराव्या वेळी शाजीने
दशांशचिन्ह चुकीच्या जागी वाचलं,
चिमटीऐवजी मूठ पडली.
बुधवारी मी त्याला सगळ्यांसमोर झापलं.
शनिवारी सुट्टीवरून आले तर पडद्यावर
आलेखाची रेघ, नुकत्या सारवलेल्या
अंगणासारखी सपाट.

पेटंटवर पाच नावं. माझं तिसरं.
शाजीचं नाही.
मी साहेबांशी एकदा बोलले.
दोनदा बोलायला हवं होतं.

पुढे झुवैनाने, माझ्या विद्यार्थिनीने,
वडिलांच्या पिकअपमधून मला इब्रीच्या रस्त्याला नेलं.
रखरखीत माळावर एक मोबाइल टॉवर,
त्याच्या बुडाशी लोखंडी कपाट,
कपाटात आमचे सेल, नववा उन्हाळा.
सावलीत एक शेळी बसली होती, उठली नाही.
तेवढ्यात झुवैनाच्या आईचा फोन:
कुठे आहात, भात निवतोय.
आवाज स्वच्छ येत होता.
मी कपाटाला हात लावला आणि भाजला.

आमच्या धंद्यात शंभरातले ऐंशी उरले
की सेलचं आयुष्य संपलं असं लिहितात.
मरत नाही तो. हिशेबातून जातो.
कुणाच्या खजुराच्या बागेत
एखादा दिवा पुढे दहा वर्षं ओढतो.
मला साठ पूर्ण झाली तेव्हा
कार्यालयातल्या मुलाने व्हिसाचा कागद सरकवला,
शाईचं पेन दिलं, आणि म्हणाला,
इथे, आणि इथे, आणि मागच्या पानावर.

मस्कतच्या विमानतळावर, काउंटरवरच्या मुलीने
सगळ्यांना विचारतात ते विचारलं:
बॅगेत लिथियमची बॅटरी आहे का?
मागे रांग. मला हसू आवरेना.
पर्समधून रुमाल काढला, गाठ सोडली:
दोनशे तेरा, ख. झाकणावर शाजीचं अक्षर.
चालते का ही? तिने तळहातावर घेऊन विचारलं.
मला ठाऊक नव्हतं.
अकरा वर्षं मी ती मोजली नव्हती.
जवळच ठेवा, ती म्हणाली,
पोटात ठेवायची नाही.

रांगेतून बाहेर येऊन
शाजीचा कोल्लमचा जुना नंबर काढला.
वाजत होता.